व्हेंटिलेटरवरची १३ ते १७ वयाची मुलं: गुंगी भरपूर, झोप कुठे आहे?

तापीकाठ

मंडळी, धागा मर्यादित ठेवतोय. १३ ते १७ वर्षांची, घशात नळी असलेली, व्हेंटिलेटरवरची मुलंमुली एवढाच विषय. हे वय आपल्याकडे मधल्यामध्ये लटकतं. बऱ्याच ठिकाणी बालरोग विभाग बाराव्या वर्षापर्यंतच दाखल करून घेतो. त्यापुढचं पोरगं मेडिसिनच्या आयसीयूत जातं आणि तिथल्या हिशोबाने मोठं ठरतं. धडगाव-अक्कलकुव्याकडचा १५ वर्षांचा मुलगा ३४ किलोचा असू शकतो. त्याला मोठ्यांच्या सवयीने तासाला ५ मिग्रॅ मिडाझोलाम (गुंगीचं औषध) लावलं, तर किलोमागे तासाला जवळपास ०.१५ मिग्रॅ जातं. चौथ्या दिवशी मग सगळे विचारतात, हा उठत का नाही?

चार्टवर रात्रभर 'पेशंट सेडेटेड, झोप चांगली' असं लिहिलेलं असतं. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. मिडाझोलामवर ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) काढला तर दुसऱ्या टप्प्याची झोप वाढलेली दिसते. खोल, मंद लहरींची झोप आणि रेम म्हणजे स्वप्नांची झोप मात्र दोन्ही घटलेल्या असतात. फेंटानिल आणि मॉर्फिन ही ओपिऑइड म्हणजे अफूच्या जातीची वेदनाशामकंही याच दोन टप्प्यांवर घाला घालतात. शिवाय आयसीयूतली झोप तुकड्यातुकड्यांची, निम्मीअर्धी दिवसाउजेडी. किशोरवयात रोज ८ ते १० तास लागतात आणि मेलाटोनिन मोठ्यांपेक्षा उशिरा वाढतं, त्यामुळे झोपेची वेळच पुढे सरकलेली असते. पहाटे ४ ला स्पंजिंग करणं म्हणजे या वयात ऐन मध्यरात्री उठवणं.

माझं म्हणणं: 'रास' स्कोर (० म्हणजे शांत-जागा, उणे म्हणजे गुंगीत, अधिक म्हणजे चिडलेला) दिवसा ० ते −१, रात्री −१ ते −२, आणि हे आकडे डॉक्टरने रोज सकाळी राउंडला फाइलवर लिहायचे. 'सेडेशन कंटिन्यू' ही ऑर्डर नव्हे. अपवाद स्पष्ट आहेत: मेंदूचा दाब वाढलेला, फिट्स थांबत नसलेला, धनुर्वात झालेला, किंवा फुप्फुसं इतकी खराब की स्नायू शिथिल करावे लागलेत असा पेशंट. तिथे खोल गुंगीच हवी.

आणि क्रम: आधी वेदना, मग गुंगी. पॅरासिटामॉल किलोला १५ मिग्रॅ दर ६ तासांनी (४० किलोला ६००), त्यावर फेंटानिल किलोमागे तासाला १ ते २ मायक्रोग्रॅम. एवढ्यावर शांत राहत असेल तर मिडाझोलामची गरजच काय?

---

रात्रपाळी

तापीकाठ सर, राउंडला आकडा लिहून मिळाला तर निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं रात्रीच्या वेळापत्रकाचं. ज्यांना हवं त्यांनी आपापल्या वॉर्डाप्रमाणे बदलून घ्या.

रात्री ९ वाजता एकदा नीट सक्शन, तोंडाची स्वच्छता, डोळ्यांत मलम, कुशीवर वळवणं, डायपर बघणं. हे सगळं एकाच फेरीत. ९.३० ला सगळ्या सिरिंज पंपांकडे बघायचं. जी सिरिंज पहाटे ५ च्या आत संपणार असेल ती आताच बदलायची. रात्री २ वाजता पंप 'संपत आली' म्हणून किंचाळतो तो यामुळेच, आणि त्या आवाजाने एक नाही, सहा बेड उठतात. सर्किटमधलं पाणी काढायचं, वॉटर ट्रॅप रिकामा करायचा. १० ला मोठे दिवे बंद. मॉनिटरचा प्रकाश कमी करायची सोय बहुतेक मशिनांत असते, कोणी मेन्यू उघडून बघत नाही इतकंच.

११ ते ५ या वेळात 'वेळ झाली म्हणून' काही करायचं नाही. सक्शन लागेल तेव्हाच: छातीत घरघर, प्रेशर वाढलेलं, फ्लोच्या आलेखात करवतीसारखे दाते, ऑक्सिजन उतरलेला. बीपीचा पट्टा १५ मिनिटांवर राहून गेलेला असतो, पेशंट स्थिर असेल तर डॉक्टरांना विचारून तासावर न्यायचा. आर्टेरिअल लाइन (धमनीतून सतत बीपी दाखवणारी नळी) असेल तर पट्टा काढूनच ठेवायचा. कूस बदलायची वेळ आलीच तर ती, नेब्युलायझर आणि शुगर एकत्र उरकायचं. हवेची गादी असेल आणि पाठ-टाचा चांगल्या असतील तर कूस किती तासांनी बदलायची हेही डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं.

रक्ताचे नमुने पहाटे ४ ला काढायची पद्धत लॅबच्या सोयीची आहे. ६ ला काढले तरी राउंडपर्यंत रिपोर्ट येतो. एक्स-रेवाल्या मामांनाही हीच वेळ सांगायची. स्पंजिंग संध्याकाळी ७ ला, नाहीतर सकाळी ७ नंतर.

एक अडचण मात्र खरी आहे. रात्री एक सिस्टर चार बेड बघते आणि स्पंजिंग दिवसपाळीवर ढकललं की तिकडून भांडण येतं. त्यावर पाळी वाटून घेण्याशिवाय उपाय नाही. मेट्रनशी बोलून लेखी ठरवा, तोंडी ठरलेलं दोन दिवसही टिकत नाही.

---

केळीपट्टा

वाचायला छान आहे. पण फवारणीचं औषध घेतलेला १६ वर्षांचा मुलगा 'रास ०' वर ठेवून दाखवा. अ‍ॅट्रोपीन (या विषावरचं औषध) चालू, पोरगं नळी ओढतंय, उशाशी कोणी नाही. सिस्टर दुसऱ्या बेडवर असताना नळी बाहेर आली तर जबाबदारी कोणाची? हलकी गुंगी मोठ्या शहरांतल्या एका-सिस्टरला-एक-बेडवाल्या आयसीयूंसाठी ठीक आहे.

---

तापीकाठ

केळीपट्टा, मुद्दा रास्त आहे, पण दोन गोष्टी एकत्र झाल्यात. हलकी गुंगी म्हणजे चिडलेला पेशंट नव्हे. नळी ओढतो तो +३ वाला. तो +३ का झाला याचं उत्तर बहुतेकदा मिडाझोलाम कमी पडणं हे नसतंच.

तुमच्याच उदाहरणात बघा. ऑर्गॅनोफॉस्फेटमध्ये (फवारणीच्या याच विषात) अ‍ॅट्रोपीन जास्त झालं की पोरगं काय करतं? चादरीचे धागे उपटतं, हवेत काहीतरी पकडतं, बडबडायचा प्रयत्न करतं. अंग तापलेलं आणि कोरडं, नाडी १४० च्या वर, पोटाचे आवाज बंद, लघवी अडकलेली. हा अ‍ॅट्रोपीनचा डिलिरियम (भ्रम). यावर मिडाझोलामचा पुश दिला की दोन तास शांतता, मग दुप्पट गोंधळ. करायचं ते असं: छातीत घरघर नाही, बीपी ठीक, काख कोरडी, म्हणजे अ‍ॅट्रोपिनायझेशन (औषधाचा हवा तो परिणाम) पुरेसं झालंय. मग इन्फ्युजन थोडा वेळ थांबवून कमी दराने पुन्हा सुरू करायचं. बाहुल्या पूर्ण मोठ्या होईपर्यंत औषध देत राहायचं हा हट्ट सोडायचा. मे महिन्यात भुसावळ-जळगावला बाहेर ४४-४५ अंश आणि आयसीयूचा एसी दम टाकलेला असेल, तर घाम बंद झालेलं हे पोरगं अक्षरशः उकळतं. आधी अंग थंड करा.

उलट बाजूही सांगतो. याच विषबाधेत फिट्स आल्या तर बेंझोडायझेपिनच (मिडाझोलामच्या जातीचं औषध) हवं, तिथे हात आखडू नका. आणि १ ते ४ दिवसांच्या दरम्यान मान उचलता न येणं, खांदे ढिले पडणं हे 'अजून गुंगीत आहे' म्हणून सोडून देऊ नका. तो इंटरमीजिएट सिंड्रोम (विषाने उशिरा येणारी स्नायूंची कमजोरी) असतो आणि त्या दिवसांत नळी काढायची घाई अंगाशी येते.

पुराव्याचं म्हणाल तर अमेरिकेतली 'रिस्टोर' चाचणी, २०१५ ची, ३१ बाल-आयसीयू, २४४९ मुलं. सिस्टरच्या हाती प्रोटोकॉल देऊन गुंगी सांभाळली. व्हेंटिलेटरचे दिवस कमी झाले नाहीत, हे सरळ मान्य करायला हवं. वेदना आणि चिडचिड नोंदलेले दिवसही त्या गटात जास्तच होते. पण ओपिऑइडचे दिवस घटले आणि मुलं जागी-आणि-शांत असण्याचा वेळ वाढला. म्हणजे चमत्कार नाही, पण मोठं नुकसानही नाही.

---

सातपुडा_पायथा

मण्यारबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो, कारण पावसाळ्यात आमच्या पट्ट्यातून तळोदा-नंदुरबार-धुळे असं जे पोरगं रेफर होतं ते बऱ्याचदा हेच असतं. जमिनीवर झोपलेलं, चावा कळलाच नाही, पहाटे पोटात दुखलं, पापण्या खाली आल्या, मग श्वास बसला.

नळी टाकल्यावर ते बेशुद्ध दिसतं. पापणी उचलली तर डोळा हलत नाही, बाहुली मोठी आणि प्रकाशाला दाद देत नाही अशीही असू शकते. 'ब्रेन गेला' असं बेडजवळ उभं राहून बोललं जातं. वास्तविक मण्यारीचं विष नसेच्या टोकावर काम करतं, मेंदूवर नाही. पोरगं पूर्ण जागं असतं, सगळं ऐकतं. पायाचा अंगठा हलवायला सांगा, हात हलत नसला तरी तिथे किंचित हालचाल बऱ्याचदा उरलेली असते. ती सापडली की तीच त्याची 'हो'ची खूण ठरवा आणि मोठ्या अक्षरांत बेडवर लावा.

इथे रास, कम्फर्ट वगैरे कोणताच स्कोर चालत नाही, कारण स्नायूच हलत नाहीत. डोळ्यांतून पाणी, घाम, बोलल्यावर नाडी चढणं यांवर अंदाज बांधायचा. पण मण्यारीत नाडी आणि बीपी विषामुळेही चढतात, त्यामुळे एकट्या नाडीवर विसंबू नका. दिवसा समजावून सांगून गुंगी शून्याजवळ आणायची. रात्री थोडं फेंटानिल (किलोला तासाला ०.५ ते १ मायक्रोग्रॅम) आणि अगदी कमी मिडाझोलाम, किलोला तासाला ०.०२ ते ०.०५ मिग्रॅ. उद्देश एवढाच की अंधारात अंग हलत नसताना ते पोरगं रात्रभर टक्क जागं राहू नये. पापण्या नीट मिटत नसतील तर मलम घालून पट्टी, नाहीतर बुबुळ कोरडं पडतं.

रेफर करणाऱ्यांना हात जोडून विनंती: १०८ मध्ये व्हेक्युरोनियम दिलं असेल तर मात्रा आणि वेळ चिठ्ठीवर लिहा, आणि सोबत गुंगीचं काय दिलं तेही. व्हेक्युरोनियम किलोला ०.१ मिग्रॅ दिलं तर अर्धा-पाऊण तास स्नायू बंद. त्या वेळात गुंगी नसेल तर पोरगं जागेपणी अडकून पडलेलं असतं, आणि पलीकडचा डॉक्टर 'एकदम शांत पेशंट आला' म्हणतो.

---

रात्रपाळी

सहमत. आणि 'ऐकतं' हे मावशी-मामांनाही सांगून ठेवायचं. बेडजवळच्या गप्पा आपोआप कमी होतात.

---

जिभाऊ_औषधवाले

औषधांचं गणित एकदा मांडून ठेवतो, ४० किलो धरून.

मिडाझोलाम ५० मिग्रॅ, एकूण ५० मिली, म्हणजे मिलीला १ मिग्रॅ. किलोमागे तासाला ०.०५ मिग्रॅचा दर म्हणजे तासाला २ मिली. डेक्समेडेटोमिडीनची (हेही गुंगीचं औषध) कुपी मिलीला १०० मायक्रोग्रॅमची असते. २ मिली (२०० मायक्रोग्रॅम) अधिक ४८ मिली सलाइन, म्हणजे मिलीला ४ मायक्रोग्रॅम. किलोमागे तासाला ०.५ मायक्रोग्रॅमचा दर = तासाला २० मायक्रोग्रॅम = ५ मिली. रात्री ९ ला ०.२ वर (२ मिली) सुरू करून अर्ध्या-पाऊण तासाने वाढवत ०.७ पर्यंत. लोडिंग डोस टाळलेला बरा, नाडी एकदम ५० वर येते.

डेक्समेडेटोमिडीनवरचा ईईजी इतर औषधांपेक्षा नैसर्गिक दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याच्या झोपेला जवळचा असतो आणि श्वास दाबला जात नाही. रेम झोप मात्र यातही कमीच. २०१८ च्या एका चाचणीत प्रौढांना रात्री कमी मात्रेत दिलं तर डिलिरियम घटला, पण 'झोप चांगली लागली का' या प्रश्नाला दोन्ही गटांची उत्तरं सारखीच आली. तेव्हा हे झोपेचं औषध म्हणून विकू नका. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या सुरुवातीच्या दिवसांत, नाडी मुळातच मंद असताना, मी तरी टाळा म्हणेन. बरेच दिवस चाललं असेल तर एकदम बंद करू नका, बीपी आणि नाडी उसळतात.

किडनी: घोणस किंवा फुरशाच्या दंशात किडनी बसली की मिडाझोलामचं तुटलेलं, पण अजून काम करणारं रूप शरीरात साठतं. मॉर्फिनचंही तेच. पंप बंद करून दोन दिवस झाले तरी पोरगं उठत नाही, आणि सीटी स्कॅनची धावपळ सुरू होते. अशा पेशंटला फेंटानिल बरं.

प्रोपोफॉल (भुलीचं औषध) या वयात लांब चालवू नका. १६ वर्षांपर्यंतच्या मुलांत आयसीयूतल्या गुंगीसाठी ते निषिद्ध धरतात, कारण प्रोपोफॉल इन्फ्युजन सिंड्रोम: आम्लता, सीपीके (स्नायू तुटत असल्याची रक्तातली खूण) चढणं, हृदय मंदावणं. नळी काढायच्या आधीचे काही तास, एवढंच.

प्रोमेथाझिन (अ‍ॅलर्जीचं औषध) 'झोपेसाठी' म्हणून रात्री देण्याची जुनी सवय अजून आहे. ते अ‍ॅट्रोपीनच्याच जातीचं, डिलिरियम वाढवतं. अ‍ॅट्रोपीन चालू असलेल्या पोराला वरून प्रोमेथाझिन म्हणजे आगीत तेल.

मेलाटोनिन ३ ते ५ मिग्रॅ, रात्री ८-९ ला नाकाच्या नळीतून. पुरावा पातळ आहे, त्रासही फारसा नाही. सस्टेंड रिलीजची गोळी कुटू नका. साधी गोळी कुटून १० मिली पाण्यात, मागून १० ते २० मिली पाण्याचा फ्लश. स्टिरॉइड असेल तर शक्य तेवढं सकाळच्या डोसात बसवा, फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) संध्याकाळी ५ नंतर नको.

---

नवशिका_रेसिडेंट

धागा वाचनखुणेत टाकला. दोन प्रश्न. मिडाझोलाम-फेंटानिल आठ दिवस चाललं, आता कमी करतोय, पोरगं घामाघूम, थरथरतंय, उलट्या, जुलाब, झोप नाही. हा विड्रॉवल (औषध कमी केल्याचा त्रास) की डिलिरियम? आणि रोज डिलिरियम तपासायला सोपं काय?

---

तापीकाठ

वर्णन विड्रॉवलचं वाटतं. जुलाब, उलट्या, जांभया, शिंका, घाम ही त्याची निशाणी. 'वॅट-१' स्कोर १२ पैकी असतो, ३ किंवा जास्त म्हणजे विड्रॉवल. दिवसातून दोनदा काढा. पाच दिवसांपेक्षा जास्त चाललं असेल तर मूळ डोसाच्या १० ते २० टक्के रोज कमी करायचं, आणि दोन्ही औषधं एकाच दिवशी उतरवायची नाहीत. स्कोर चढला तर एक पायरी मागे जायचं, दिवसभर थांबायचं.

डिलिरियमसाठी 'कॅप-डी'. आठ प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, ९ किंवा जास्त म्हणजे डिलिरियम. सिस्टर पाळीच्या शेवटी दोन मिनिटांत भरू शकते. डोळ्याला डोळा देतो का, आजूबाजूचं भान आहे का, समजूत काढता येते का, असे प्रश्न. 'पी-कॅम' हा दुसरा स्कोर ५ वर्षांपुढे चालतो, पण रास −४ किंवा −५ असेल तर दोन्ही निरर्थक. गडबड अशी की विड्रॉवलमध्येही कॅप-डी चढतो. म्हणून दोन्ही स्कोर शेजारीशेजारी लिहा. आणि शांत डिलिरियम विसरू नका: गप्प, भिंतीकडे बघत पडलेलं पोरगं सगळ्यांना 'बरं वाटतंय' असं दिसतं.

---

श्वासमापक

व्हेंटिलेटरकडेही बघा जरा. 'फाइट करतोय' म्हणून सेडेशन वाढवायच्या आधी नळी सरकली का, कफाने बंद झाली का, न्यूमोथोरॅक्स (छातीत फुप्फुसाबाहेर हवा) आहे का, मशीन-सर्किटमध्ये बिघाड आहे का, हे चार प्रश्न. ते झाले की सेटिंग.

रात्री प्रेशर सपोर्ट (पेशंटच्या स्वतःच्या श्वासाला मशीनचा जोर) गरजेपेक्षा जास्त ठेवला की झोपेत कार्बन डायऑक्साइड खाली जातो, मेंदू श्वास घ्यायचा थांबतो, अ‍ॅप्नियाचा अलार्म वाजतो, पोरगं दचकून उठतं. पुन्हा झोपतं, पुन्हा तेच. रात्रभर हे चक्र. २००२ पासून हे माहीत आहे, तरी सकाळी फक्त 'रात्री अ‍ॅप्निया' एवढंच लिहिलेलं दिसतं. प्रेशर सपोर्ट कमी करून टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) ६ ते ८ मिली प्रतिकिलो आणा (४० किलोला २४० ते ३२०), नाहीतर रात्रीपुरता असिस्ट-कंट्रोल (ठरलेले श्वास मशीनच देतं) लावा आणि सकाळी परत सपोर्टवर.

दुसरं, सर्किटमध्ये पाणी साठलं की ते हलतं आणि मशीनला वाटतं पेशंटने श्वास मागितला. रेट ३५ दिसतो, पोरगं मात्र स्वतः १६ नेच घेतंय. एसी थेट सर्किटवर येत असेल तर हे हमखास होतं. पाणी काढा, एसीची झोत वळवा, फ्लो ट्रिगर (श्वासाची मागणी ओळखायची सेटिंग) मिनिटाला २ लिटरच्या आसपास आहे का बघा.

अलार्म: कारखान्यातून आलेल्या मर्यादा तशाच ठेवलेल्या असतात. नाडीची मर्यादा त्या पोराच्या आकड्याभोवती बसवा. ऑक्सिजनची खालची मर्यादा पेशंटप्रमाणे ठरवून लिहा. प्रोब सैल आहे म्हणून रात्रभर बोंबलणारा मॉनिटर ही औषधाने सुटणारी गोष्ट नाही. मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेऊन एकदा उशाशी ठेवा. जागतिक आरोग्य संघटना वॉर्डात रात्री ३० डेसिबल सांगते. आयसीयूत ५० ते ६० सहज असतात आणि अलार्मला ८० च्या वर उडी.

आणि वीज. लाइन गेल्यावर जनरेटर उचलेपर्यंतच्या सेकंदांत सगळी मशिनं एकदम ओरडतात. ज्या सिरिंज पंपाची बॅटरी मेलेली असते तो बंदच पडतो आणि पुन्हा 'स्टार्ट' दाबेपर्यंत औषध थांबलेलं राहतं. अर्ध्या तासाने पोरगं का उसळलं, याचं कारण तिथे असतं. पंपांच्या बॅटऱ्या महिन्यातून एकदा प्लग काढून तपासा.

---

केळीपट्टा

हे पंपाचं पटलं. अ‍ॅट्रोपीनचंही. हात बांधण्याबद्दल मात्र कोणी बोललं नाही.

---

हातपाय_फिजिओ

केळीपट्टा भाऊ, बांधलेले हात डिलिरियम वाढवतात आणि मनगटाला व्रण पडतात. बोटं झाकणारे जाड हातमोजे घाला, नाहीतर कापसाचा जाड थर आणि बँडेज. नळी ओढायला बोटांची पकड लागते, ती गेली की पुरे. ते दिवसातून दर दोन तासांनी काढून बोटं बघायची. नळीची पट्टी ओली, ढिली असेल तर बांधलेल्या हातांचाही उपयोग नाही. आधी ती बदला.

रात्री झोप हवी तर दिवसा थकवा हवा. सकाळी ७ ला खिडकी उघडी, चष्मा असेल तर डोळ्यावर. १० च्या सुमारास आणि दुपारी ४ ला, बीपी ठीक आणि ऑक्सिजनची गरज ६० टक्क्यांच्या आत असेल तर, बेडच्या काठावर पाय सोडून बसवणं, १५ ते २० मिनिटं. तीन माणसं लागतात: एक पाठीमागे, एक समोर गुडघ्यांशी, एक फक्त नळी आणि सर्किट धरायला. तिसऱ्या माणसाने दुसरं काही करायचं नाही. दुपारी १ ते २.३० एक डुलकी, त्यानंतर झोपू द्यायचं नाही.

---

बाराखडी

बोलता न येणं हे चिडचिडीचं मोठं कारण आहे, आणि या वयाला लिहिता-वाचता येतं याचा फायदा घ्या. पुठ्ठ्यावर वर्णमाला: स्वरांची ओळ, मग क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, य ते ज्ञ. आधी ओळीवर बोट, पोराने डोळा मिटला की त्या ओळीतली अक्षरं एकेक. काना-मात्रा विचारत बसू नका, फार वेळ जातो आणि पोरगं वैतागतं. 'प ण' दोन अक्षरांवरून 'पाणी' ओळखायचं आणि विचारून खात्री करायची. वर दोन तयार चौकोन: 'दुखतंय' आणि 'नळीत कफ'.

भाषा बघा. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या घरातल्या पोराला, अर्धवट गुंगीत, सिस्टरची मराठी परकी लागते. डिलिरियम तपासताना त्याने आज्ञा पाळली नाही म्हणून गुण लावले जातात, पण त्याला ती समजलेलीच नसते. आई-बापाच्या आवाजात चार वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या: तू कुठे आहेस, घशात नळी आहे म्हणून आवाज येत नाही, आम्ही बाहेरच आहोत, आता रात्र आहे. अहिराणीवाल्या घरात 'तू दवाखानामा शे, आम्ही बाहेरच शेत' एवढं आजीने म्हटलेलं पुरतं. नळी, सक्शन, उठणं यांच्या आधी लावायचं. आईला रात्री ८ ते १० उशाशी बसू द्या. भेटीची वेळ दहा मिनिटांची ठेवून काय साधतं कोण जाणे.

---

रात्रपाळी

या वयाची खास कारणं राहिली. मुलगी अचानक अस्वस्थ झाली तर पाळी आली का बघा. पोटात कळ येतेय आणि सांगता येत नाही. पॅड आणि वेळेवर पॅरासिटामॉल, संपलं. कॅथेटरची स्वच्छता करताना पडदा ओढा, मुलीला सिस्टरनेच करा, त्या वेळची धडपड लाजेची असते.

मुलांमध्ये तंबाखू-गुटख्याची विचारणा करा. बंदी असली तरी पुड्या मिळतातच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची तलफ मिडाझोलामने भागत नाही. वडिलांसमोर विचारू नका, बाहेर बसलेल्या मित्राला विचारा.

इअरप्लग: फोमचा, बोटांत वळून बारीक करायचा, कान वर आणि मागे ओढून घालायचा, २०-३० सेकंद धरून ठेवायचा. डोक्याला मार असेल, कानातून रक्त-पाणी येत असेल तर अजिबात नाही. डोळ्यांची पट्टी बांधताना आधी सांगा. न सांगता डोळे झाकले तर भीतीनेच नाडी १३० होते.

---

नवशिका_रेसिडेंट

विष स्वतः घेतलेलं पोरगं जागं झाल्यावर काय? गुंगी उतरवताना भीती वाटते की पुन्हा काही करेल.

---

तापीकाठ

म्हणून गुंगी लांबवायची नाही. उतरवतानाच मानसोपचारवाल्यांना कळवायचं. नळी निघाल्यावर पहिल्या दिवशी 'का केलंस' हा प्रश्न कोणीच विचारायचा नाही, नातेवाईकांनीही नाही. बेड नर्सिंग स्टेशनच्या समोर, खिडकीपासून लांब, ट्रॉलीवरची औषधं-कात्र्या हाताच्या टप्प्याबाहेर. झोप कशी लागतेय हे रोज लिहायचं. तुटक झोप आणि वाईट स्वप्नं आयसीयूतून बाहेर पडल्यावरही काही आठवडे राहतात, घरच्यांना आधी सांगितलं तर ते घाबरत नाहीत. डिस्चार्ज कार्डावर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लिहून द्या, मराठीत बोलता येतं.

---

जिभाऊ_औषधवाले

जाताजाता लेबलचं. वर डेक्समेडेटोमिडीनचं गणित दिलंय, ते सिरिंजवर लिहिताना 'मायक्रोग्रॅम' शब्द पूर्ण लिहा. घाईत लिहिलेलं मायक्रोचं चिन्ह पुढच्या पाळीला मिलीसारखं दिसतं आणि डोस हजारपट चुकतो. औषध, एकूण मात्रा, एकूण मिली, एका मिलीत किती, तारीख-वेळ, सही. आणि एका सिरिंजमध्ये मिडाझोलाम-फेंटानिल एकत्र भरू नका. एक कमी करायचं असेल तर दुसरंही कमी होतं, आणि वर तापीकाठ सरांनी सांगितलेली उतरण करताच येत नाही.